अर्जुनसिंहाचा कट कितपत पटण्याजोगा?

विजय आनंद यांचा 'ज्वेल थीफ' हा चित्रपट १९६७ सालचा. त्यातील रहस्य फोडल्याबद्दल आज कुणी आम्हांवर रागावेल असे वाटत नाही. तरीही ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही, त्यांनी आधी पाहावा आणि मग इकडे वळावे.

या चित्रपटाविषयी जाणकारांत एक आक्षेप हमखास ऐकू येतो : अशोककुमारांनी रंगविलेल्या अर्जुनसिंहाचा कट व्यवहारात टिकणारा नाही. एवढा खटाटोप कोण करील? आमचे मत थोडे वेगळे आहे. कटाचा पाया पक्का आहे; कोसळतो तो वरचा मजला.

पाया कोणता? 'अमर' नावाचा चोर, जो विनयसारखा (देव आनंद) हुबेहूब दिसतो. वास्तविक असा कुणी माणूसच नाही. पण नसलेला माणूस 'आहे' असे ठरवायला तोतया लागत नाही, साक्षीदार लागतात. भर मेजवानीत शालिनी विनयला आपला वाग्दत्त वर म्हणून ओळखते, तिचा 'भाऊ' अर्जुनसिंह चवताळून उठतो, अमरच्या पायाला सहा बोटे होती म्हणतो आणि विनयला मोजा काढायला लावतो. पाच बोटे निघतात. विनय सुटला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच क्षणी अमर जन्माला येतो. कारण आता विनय आणि अमर या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत हे खुद्द विनयनेच सिद्ध केलेले असते. संशयिताची सुटका हाच पुरावा! पोलिसांना हवा असलेला चेहरा विनयचा, आणि खरा चोर मात्र केस पांढरे झालेला, भारदस्त, भलत्याच चेहऱ्याचा. हे रचणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यावीच लागते.

हा डाव प्रेक्षकावरही चालतो, कारण हमशकल आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. देव आनंद यांनीच १९६१च्या 'हम दोनो'मध्ये दुहेरी भूमिका केली होती. तेव्हा दुसरा देव आनंद कुठे तरी असणारच, हे आपण तिकीट काढतानाच मान्य केलेले असते. अशोककुमारांवर संशय घ्यायचे तर मनातही येत नाही. १९४३च्या 'किस्मत'मध्ये त्यांनी चोरच रंगविला होता हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

आता वरचा मजला. विजेचे झटके देऊन विनयची स्मृती पुसायची आणि तो स्वतःच अमर आहे असे त्याला पटवायचे, ही कल्पना वैद्यकीयदृष्ट्या भाकडकथा आहे. अशा उपचाराने स्मृतीला तडे जाऊ शकतात, नवी ओळख तयार होऊन येत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडाच्या गोष्टींत ती खपून गेली असती. पण त्याहून मोठा दोष माणसांच्या संख्येचा आहे. या टोळीत नर्तकी आहेत, नोकर आहेत, धाकट्या भावाला ओलीस ठेवल्यामुळे गप्प बसलेली शालिनी आहे. इतकी तोंडे किती काळ मिटून राहणार? कटाची विश्वसनीयता मोजायची असेल तर सूत्रधाराची हुशारी मोजू नये, गुपित ठाऊक असलेली डोकी मोजावीत.

या मापाने पाहिले तर वास्तवातील एक कट चित्रपटाला सहज मागे टाकतो. मार्च १९८७मध्ये मुंबईत मोनसिंह नावाने वावरणाऱ्या एका इसमाने सरकारी अधिकारी हवेत अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ताजमहाल हॉटेलात मुलाखती घेतल्या आणि निवडलेल्या तरुणांना १९ तारखेला ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर 'धाड' घालायला नेले. नमुने म्हणून दागिने पिशव्यांत भरून मोहोरबंद झाले आणि साहेब ते घेऊन निघून गेले. तरुण वाट पाहत राहिले. साहेब आजवर सापडलेले नाहीत. यावरूनच पुढे 'स्पेशल २६' (२०१३) निघाला. पण त्या चित्रपटाने चोराला साथीदारांची टोळी दिली, आणि मूळ घटनेतील खरी मेख हरवली. मोनसिंहाच्या टोळीतील प्रत्येक जण प्रामाणिक होता! गुपित एकाच डोक्यात. स्मृती पुसण्याची गरज नाही, हमशकल नको, ओलीस नको. नोकरी हवी असलेले पदवीधर तेवढे हवेत.

आम्ही दापोडीत शिकवतो. इथून पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत, आणि आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे डोळे तिकडेच लागलेले असतात. मागे एका विद्यार्थ्याने आम्हांस नेमणुकीचे पत्र आणून दाखविले : शिक्का, सही, रुजू होण्याची तारीख, आणि खाली 'अनामत रक्कम' भरण्याची सूचना. पत्रातले मराठी इतके शुद्ध होते की आम्हांस तेथेच शंका आली. (भाषेच्या प्राध्यापकाला एवढा तरी उपयोग असावा.) त्याने अजून पैसे भरले नव्हते. पण पत्र खोटे आहे हे त्याला पटवायला आम्हांस दोन दिवस लागले. त्याचे म्हणणे एकच होते, एवढ्या साध्या गोष्टीसाठी इतका खटाटोप कोण करील?

अर्जुनसिंहाविषयी रसिक नेमके हेच विचारतात.