४ + ३ = ४३ लिहिणारा मुलगा ‘ढ’ नाही

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तिसरीतला एक मुलगा पाचापर्यंतचे पाढे धडाधड म्हणायचा. आम्ही फळ्यावर ४ + ३ लिहिलं. त्याने उत्तर लिहिलं, ४३. मग चार केळी काढली, बाजूला आणखी तीन काढली आणि विचारलं, सगळी मिळून किती? बोट ठेवत मोजून तो म्हणाला, “सात.” पुन्हा ४ + ३ लिहिलं. पुन्हा ४३.

शाळेतून त्याच्या आईला निरोप होता, “याच्या डोक्यात गणित शिरत नाही.” आपल्या पोरांबद्दल हे वाक्य आपण किती पिढ्या ऐकतोय? अहो, सात तर त्याला आलंच की! केळी आणि ४ हा आकडा यांच्यातला रस्ता त्याला कुणी दाखवला नाही, एवढंच. शिकल्या-सवरलेल्या घरात तो रस्ता शाळेआधीच तयार होतो. पायऱ्या मोजताना, बिस्किटं वाटताना, आजोबांसोबत पत्ते खेळताना. मग त्यालाच ‘उपजत गुणवत्ता’ म्हणतात. आपल्या भाजी विकणाऱ्या आयांचा तोंडी हिशेब भल्याभल्यांपेक्षा पक्का असतो, पण शाळेच्या वहीत त्याला जागा नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, त्या अभ्यासक्रमात हिशेब होता. १९२७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात दाखवून दिलं की शाळेत येणाऱ्या शंभरांतली अठराच मुलं चौथीपर्यंत पोहोचतात. आज मुलं आठवीपर्यंत पोहोचतात. पण ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना साधा भागाकार जमला नव्हता. म्हणजे वर्गात बसवलं, पण शिकवलं नाही. आणि ही गळती आठवीत नाही, पहिलीतल्या बेरजेपाशी सुरू होते.

पुस्तकात चित्रं असतात, मग अडतं कुठे? चार मेणबत्त्या आणि तीन मेणबत्त्या समोर दिसल्या की मूल एकापासून सातापर्यंत मोजतं. बहुतेक ठिकाणी शिकवणं इथेच थांबतं आणि पुढच्या पानावर नुसते आकडे येतात. पण हे अजून फक्त मोजणं झालं. आम्ही आता चार मेणबत्त्यांवर पुठ्ठा ठेवतो आणि पुठ्ठ्यावर ४ लिहितो. उघड्या राहतात तीनच. मुलाला झाकलेले चार धरून पुढे “पाच, सहा, सात” म्हणावं लागतं. सुरुवातीला पोरं पुठ्ठा उचलून बघतात. बघू द्यावं, रागावू नये. काही दिवसांनी उचलणं आपोआप थांबतं, कारण ४ म्हणजे खाली चार आहेत हे पटलेलं असतं. त्यानंतर तीनवरही पुठ्ठा येतो आणि अगदी शेवटी दोन पुठ्ठ्यांच्या मधे + येतं. आपण नेमकं उलटं करतो, चिन्ह आधी आणि अर्थ नंतर. मग दोन आकडे शेजारी दिसले की मूल ते जोडून ४३ वाचतं, यात त्याची चूक काय?

आता चित्रं कशाची, हा प्रश्न. बाजारच्या तक्त्यांत इग्लू असतो, पेअर असतं. यावर एका कार्यशाळेत तज्ज्ञ म्हणाले, “वस्तीतल्या मुलांना त्यांच्या परिसरातलं द्या. झाडू, टोपल्या, भंगार.” हेतू चांगला असेलही. पण आई झाडू मारते म्हणून पोरानं झाडूच मोजायचे? आईच्या कष्टाची आम्हाला लाज नाही. ते काम तिच्या जातीवर ज्यांनी लादलं, तीच वाटणी पहिलीच्या गणितात पुन्हा काढून दाखवायला आमचा विरोध आहे. उच्चभ्रू सोसायटीतल्या मुलाला कुणी बापाच्या ऑफिसातल्या फायली मोजायला देत नाही. आमची पोरं पतंग मोजतात, रिक्षा मोजतात, निळे झेंडे मोजतात. पुस्तकं आम्ही मुद्दाम काढतो.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हे शिक्षकांचं काम आहे, आपण केलं तर सरकार सुटतं. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. सरकारी शाळा वाचवण्याची लढाई सोडून विहारात वर्ग चालवणं म्हणजे पळवाटच. पण तिसरीतलं मूल मोर्चाचा निकाल लागेपर्यंत तिसरीत थांबत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या किती वस्त्यांत या समितीच्या बैठकीला आपली माणसं जातात? बहुतेकदा सही घरी येऊन घेतली जाते. जयंतीच्या वर्गणीची बैठक मात्र रात्री बारापर्यंत रंगते.

त्या मुलाची आई पुढच्या बैठकीला जाणार आहे. तिच्यासोबत दोन वह्या असतील. शाळेच्या वहीत ४३ आहे, विहारातल्या वहीत ७.