गॅस किट बसवताय? आधी गाडीचं इंजिन बघा, मग किटचा भाव

कर्जत : पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कर्जत, नेरळ, चौक, खोपोली पट्ट्यात जुन्या पेट्रोल गाडीला गॅस किट बसवायचा विचार अनेकजण करतात. त्यात आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ॲव्हरेज पडल्याची तक्रार नाक्यानाक्यावर ऐकू येते. अशा वेळी गॅरेजवाला सांगेल ते किट घेतलं जातं. पण किट सगळी सारखी नसतात, आणि चुकीचं किट बसलं की वाचलेले पैसे दुरुस्तीतच जातात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे साधं मिक्सर किट. टाकीतला गॅस रिड्यूसरमध्ये येतो, तिथून इंजिन स्वतःच्या ओढीने तो खेचून घेतं. किती गॅस जायचा हे मेकॅनिक स्क्रू फिरवून ठरवतो. कार्बोरेटरच्या जुन्या मारुती ८०० किंवा ओमनीला हे चालून जायचं. इंजेक्शनच्या गाडीला हेच बसवलं की गडबड सुरू होते. पिकअप जातो, गाडी धक्के देते, आणि इनटेकमध्ये साठलेला गॅस पेटला तर एअर फिल्टरचा डबा फुटतो. याच्या पुढची पायरी म्हणजे सेन्सर पाहून गॅस कमी-जास्त करणारं क्लोज्ड लूप किट. ते थोडं बरं, पण गॅस सोडायची पद्धत तीच.

तिसरा प्रकार सिक्वेन्शियल. यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असतो आणि किटचा छोटा कॉम्प्युटर गाडीच्या मूळ कॉम्प्युटरचं ऐकून तेवढाच गॅस सोडतो. गाडी पेट्रोलवर सुरू होते, इंजिन गरम झालं की आपोआप गॅसवर जाते. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाडीला हेच किट लागतं. महाग आहे, पण इथे काटकसर करून उपयोग नाही. एलपीजी द्रवरूपातच इंजिनात सोडणारी चौथी पद्धतही आहे. ती परदेशात चालते, आपल्याकडे सहसा दिसत नाही.

एलपीजी घ्यायचा की सीएनजी, हा प्रश्न किटइतकाच महत्त्वाचा. एलपीजीची टाकी हलकी असते, स्टेपनीच्या जागेतही बसते. सीएनजी २०० बार दाबाने भरतात, त्यामुळे टाकी जाड, जड आणि डिकी खाणारी. पण एलपीजी पेट्रोलपेक्षा लिटरमागे २० ते २५ टक्के जास्त जळतो. म्हणजे पेट्रोल १०० रुपये असेल तर ऑटो गॅस ८० रुपयांच्या खाली असला तरच फायदा. शिवाय ऑटो गॅसचे पंप मोजकेच. रायगडात महानगर गॅसचा सीएनजी आल्यापासून बहुतेकांचा ओढा तिकडेच आहे. त्यालाही अडचण आहेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत तुर्भे भागात मुख्य गॅसवाहिनीला धक्का बसला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजी पंपांवर रांगा लागल्या. पेट्रोलची टाकी रिकामी ठेवणाऱ्यांचे हाल झाले.

घाटात चालवणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. कंपनीतूनच सीएनजी बसवून येणाऱ्या मारुती ईकोची ताकद पेट्रोलवर साधारण ८१ पीएस, तर सीएनजीवर ७२ पीएसच्या आत आहे. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतच्या चढावर भरलेली गाडी नेणाऱ्याला हा फरक कळतो. एलपीजीवर ही घट कमी असते. रोज चढ चढणाऱ्याने तेवढा भाग पेट्रोलवर काढायची तयारी ठेवावी.

मात्र खरा धोका किटच्या प्रकारापेक्षा टाकीत गॅस कुठून भरला जातो यात आहे. पंप लांब म्हणून घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधून मोटर लावून गाडीत गॅस ओढण्याचा उद्योग राज्यात अनेक ठिकाणी चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात इच्छादेवी चौकाजवळ ओमनीत असाच गॅस भरताना स्फोट झाला. गाडीने प्रवासाला निघालेलं कुटुंब होरपळलं, त्यातल्या काहींचा उपचारादरम्यान मृत्यू झाला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. मोटरची एक ठिणगी पुरते. पंपावर टाकी ८० टक्के भरली की झडप बंद होते, नळी आणि जोड त्याच कामाचे असतात. गल्लीतल्या जुगाडात यातलं काय असतं? घरगुती गॅस वाहनात वापरणं हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे, तो गाडीवाल्यालाही लागतो.

कागदांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधन बदलल्याची नोंद आरसीवर हवी. गाडी पेणला नोंदलेली असो वा पनवेलला, किटचं मंजुरी प्रमाणपत्र, टाकीचं प्रमाणपत्र आणि फिटिंगचं बिल लागतं. कर्ज असेल तर बँकेची संमतीही. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली, ती साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांना. पण त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच किट चालतं. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं कोणी म्हणालं तर मंजुरीचा कागद मागावा. नोंद झाली की विमा कंपनीलाही कळवावं लागतं, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

जुनी गॅसवाली गाडी विकत घेणाऱ्याने डिकी उघडून टाकीवरची पट्टी वाचावी. सीएनजी टाकीची दाबचाचणी दर ३ वर्षांनी करावी लागते, एलपीजी टाकीची ५ वर्षांनी. तारीख उलटून गेली असेल तर चाचणीचा खर्च सौद्यातून वजा करूनच भाव बोलावा.