कोळंबी आणि 'माझ्या मशीनवर चालतंय'

ऑफिसात माझ्या शेजारी रोहतकचा एक पोरगा बसतो. घरचे शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आणि त्याच्या चाचांनी शेतात कोळंबीचं तळं काढलंय! मी विचारलं, "अरे, खाता तरी का?" तर म्हणे, "छी! आम्ही फक्त विकतो." :-)

समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी हे जमतं, कारण तिथलं भूजलच खारं आहे. त्यावर गहू होत नाही, जमीन पडून राहते. आपल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचं रोहतकजवळ लाहलीला केंद्र आहे, तिथे या पाण्यात कोळंबी वाढवून दाखवली गेली. जात व्हेनामी. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, भारतात २००९ साली तिला रीतसर परवानगी मिळाली.

व्हेनामी कमी खाऱ्या पाण्यात जगते, हे खरंच. समुद्र म्हणजे साधारण ३५ पीपीटी, लिटरला ३५ ग्रॅम क्षार. ही बाई ५ पीपीटीतही तग धरते. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तेच पाणी पातळ करून १० पीपीटीवर आणलं तर ११० च्या आसपास उरेल. हरियाणाचं भूजल तेवढंच खारं असलं तरी त्यात पोटॅशियम फार कमी. मग कोळंबीच्या कल्ल्यांमधला क्षारांचा तोल सांभाळणारा पंप नीट चालत नाही आणि पिल्लं मरतात. म्हणून शेतकरी तळ्यात म्युरेट ऑफ पोटॅशची पोती ओततात. हो, तेच खत. म्हणजे दर हंगामात पॅच मारायचा. मूळ कोडला हात कोण लावणार?

मूळ कोड म्हणजे निवड पैदास. तळ्यात जगल्या-वाचलेल्यांनाच आईबाप का करत नाहीत? कारण त्यांच्यासोबत रोग येतो. म्हणून एकेका कुटुंबातली काही भावंडं अवघड पाण्यात सोडायची, किती जगली ते मोजायचं, आणि ज्या कुटुंबाची जास्त जगली त्याची स्वच्छ पाण्यात राखलेली भावंडं पुढच्या पिढीसाठी घ्यायची. बिचारी पहिली बॅच म्हणजे आमचं टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट.

माझा आक्षेप इथेच आहे. आपल्या व्हेनामीचे आईबाप मुख्यतः परदेशातून, हवाईसारख्या ठिकाणांहून येतात. तिथे निवड होते ती तिथल्या पाण्यात आणि तिथल्या निकषांवर. प्रॉडक्शन मात्र रोहतकला! 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्या डेव्हलपरला आपण काय सुनावतो, ते सांगायला नको. कुटुंबांची चाचणी लाहलीसारख्या ठिकाणच्या, पोटॅश न घातलेल्या पाण्यात व्हायला हवी. 'कमी खारेपणा' असं मोघम लिहिलेल्या टाकीत नव्हे.

हे काम सोपं नाही, कबूल. जगण्याच्या गुणाची आनुवंशिकता सहसा कमी असते, पिढ्यानपिढ्या निवड करावी लागते. शिवाय फुकट काही मिळत नाही. हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने १९९० च्या दशकात टॉरा विषाणूला तोंड देणारी कुटुंबं निवडली, तेव्हा चिवटपणा आला पण वाढीत मार बसला. चाचांना विचारा, जगलेली बारकी कोळंबी कोणत्या भावाने जाते ते.

आणि एक भीती. पाणी जितकं गोडं चालेल, तितकी तळी चांगल्या शेतीत घुसणार. थायलंडमध्ये हे झालंय. टँकरने खारं पाणी आणून भातशेतीत कोळंबी करायला लागले. शेवटी १९९८ मध्ये सरकारने गोड्या पाण्याच्या भागात बंदी घातली. आपल्या सुप्रीम कोर्टानेही १९९६ मध्ये किनाऱ्यावरच्या कोळंबीशेतीबद्दल निकाल देताना शेतजमिनीची तळी करायला मनाई केली होती. म्हणून माझी मागणी नेमकी आहे: आधीच खारावलेल्या जमिनीच्या पाण्यासाठी निवड करा, गोड्या पाण्यासाठी नको.

चाचांची जमीन खारावलेलीच आहे, तेव्हा त्यांना आपला पाठिंबा. पण शेजारचा गोड्या विहिरीवालाही त्यांचं बघून तळं खणायच्या बेतात आहे म्हणे. "त्याला कोण अडवणार?" असं विचारलं, तर पोरगा नुसता हसला आणि परत कोडकडे वळला.