फलकावरची दुसरी ओळ

रेल्वे स्थानकांवर, देवळांच्या आवारात आणि गजबजलेल्या चौकांत भीक देऊ नका असे बजावणारे फलक अधूनमधून दिसतात. परंतु भीक द्यावयाची नाही तर देण्यासाठी काढलेला पैसा न्यावा कोठे, हे सांगणारी दुसरी ओळ त्यांवर मला क्वचितच वाचावयास मिळाली आहे, आणि त्या ओळीवाचून पहिली ओळ नागरिकाला निष्ठुर होण्याची मुभा तेवढी देते.

देणाऱ्याच्या मनातील करुणा खोटी नसते. मोटारीची काच खाली करून दहा रुपयांचे नाणे एखाद्या म्हातारीच्या तळहातावर ठेवणारा मनुष्य त्या क्षणी खरोखरच कळवळलेला असतो, आणि त्या नाण्याने तिला घोटभर चहा मिळतो हेही खरे. पण रात्री निर्धास्त पाठ टेकावयास जागा, आंघोळीचे पाणी, शौचालय, पायाची चिघळलेली जखम बांधणारे कोणी, ओळखपत्र आणि औषधाची चिठ्ठी ठेवण्यापुरती एखादी कुलपाची पेटी, यांतले काहीही त्या नाण्यांनी मिळत नाही, मग ती दिवसाकाठी कितीही जमोत. साठवलेला पैसा उशाखालून चोरीस जातो; अतिक्रमण हटविणारी गाडी गाठोडे उचलून नेते तेव्हा कागदपत्रेही त्यातच जातात, आणि कागद गेला की शिधापत्रिकेसाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज-दाखल्यांच्या मागे हिंडणे नशिबी येते.

2020 साली राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा शहरातील एका थाळीचा खर्च 50 रुपये धरण्यात आला होता. जेवणाऱ्याने त्यातले 10 द्यावयाचे आणि उरलेले 40 सरकारने भरावयाचे, अशी तजवीज होती. नाणे तेच, परंतु त्याच्या पाठीशी व्यवस्था उभी राहिली म्हणून त्याचे पोटभर जेवण झाले.

गाडगे महाराजांना हे मर्म फार पूर्वी उमगले होते. अंगावर चिंध्या आणि हाती गाडगे घेऊन हिंडणाऱ्या या पुरुषाने कीर्तनाला लोटणाऱ्या समुदायाची वर्गणी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथील धर्मशाळांच्या भिंतींत घातली. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत दूरगावाहून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे आप्त अजूनही उतरतात. हजारो हातांतून सुटलेले पैसे असे एका छपराखाली आले, आणि देणारे काळाआड गेल्यावरही ते छप्पर उभे आहे.

याउलट आपला कायदा पाहावा. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसताना भटकणाऱ्यालाही भिक्षेकऱ्याच्या व्याख्येत ओढले आणि त्याला वर्ष ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद केली; हाच कायदा दिल्लीला लागू होता तेथे 2018 साली उच्च न्यायालयाने त्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरविली, आणि 2021 साली भिक्षेवर बंदी घालण्याची मागणी अमान्य करताना सर्वोच्च न्यायालयानेही हा प्रश्न सामाजिक आणि आर्थिक असल्याचे सांगितले. शहरी लोकसंख्येच्या प्रत्येक लाखामागे एक निवारा केंद्र असावे, असा त्याच न्यायालयाचा 2010 सालापासूनचा दंडक आहे. 2011 च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात भरली होती, तेव्हा या दंडकाप्रमाणे एकट्या मुंबईत सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच शिरगणतीने महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसे बेघर नोंदविली. इंदूरमध्ये तर 2025 च्या आरंभापासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा नोंदविण्याचा हुकूम निघाला. त्याच्या जोडीला पुनर्वसनाची मोहीमही चालली हे मान्य करूनही, घाटांबरोबर धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारणाऱ्या अहल्याबाईंच्या मुलखात दाता आरोपी व्हावा, याचे मला मनापासून दुःख वाटते.

संस्थेला दिलेला पैसा गरजूपर्यंत पोहोचतो कशावरून, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर एकच: निवारा चालविणाऱ्या संस्थेने आपला महिन्याचा जमाखर्च दारावर लावावा, आणि दात्याने वर्षातून एकदा तरी तेथे जाऊन सतरंज्या, मोरी आणि स्वयंपाकघर आपल्या डोळ्यांनी पाहावे. पैसाच द्यावा असेही नाही. न्हाव्याची एक सकाळ, डॉक्टरचा एक तास, अर्ज भरून देणाऱ्या एखाद्या निवृत्त कारकुनाची एक दुपार, यांचे मोल तेथे फार मोठे आहे.

फलक लावणाऱ्या महापालिकेकडे माझे मागणे मोठे नाही. पहिल्या ओळीखाली जवळच्या निवारा केंद्राचा पत्ता, दूरध्वनी आणि रात्री दार किती वाजेपर्यंत उघडे असते ते लिहावे, आणि देणगी कोणत्या खात्यात भरावयाची तेही. ज्या प्रभागात लिहावयास असा पत्ताच नाही, तेथे फलक लावण्याआधी जागा शोधावी. आणि ती मिळेपर्यंत भुकेल्या माणसापुढे हात आखडता घ्या, असे मी तरी कोणाला सांगणार नाही.