ओरेगॅनो : परसांत हवा, शेतांत इतक्यांत नको

हल्लीं खेड्यांतील घरींही पिझ्झा येऊं लागला आहे, आणि त्याबरोबर वाळल्या पाल्याच्या लहानशा पुड्या येतात. हा पाला ओरेगॅनोचा. वासावरून पुष्कळांस तो ओव्याचाच वाटतो. पण ओवा कोथिंबिरीच्या कुळांतला, व हा तुळशीच्या. आपल्या बायका वेणींत माळतात त्या मरव्याचा हा सख्खा भाऊ होय. थायमॉलसारखीं द्रव्यें दोहोंच्या तेलांत असतात, म्हणून वास जुळतो इतकेंच.

हें झुडूप भूमध्य समुद्राकांठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवरचें. एवढें ध्यानांत ठेविलें कीं त्याच्या लागवडीचें मर्म हातीं आलें. प्रस्तुत लेखकानें प्रथम एका रोपवाटिकेंतून ‘ओरेगॅनो’ म्हणून आणिलेलें रोप पानओव्याचें निघालें! पानओव्याचें पान जाड व लवदार, ओरेगॅनोचें लहान व पातळ. खरेदी करितांना पान चिमटून पाहावें. पुढें खरीं रोपें मिळालीं, तीं काळ्या जमिनीच्या सपाट वाफ्यांत लाविलीं व आषाढांत मुळें कुजून गेलीं. तिसऱ्या खेपेस मुरूम व वाळू मिसळून वीतभर उंच वरंबा केला, उन्हाची जागा निवडली, पाणी हात राखून दिलें. तीं मात्र टिकलीं. शेणखताचा मोह आवरावा. फार खतानें पाला माजतो, पण वास उतरतो.

कापणी फुलें उमलण्यापूर्वीं करावी, कारण वासाचा भर तेव्हांच असतो. सकाळीं दंव उडाल्यावर तीन-चार बोटें बुडखा राखून कापावें, म्हणजे पुन्हां फूट येते. जुड्या सावलींत वाऱ्यावर टांगाव्या. मिरचीप्रमाणें उन्हांत पसरणें ही चूक होय. उन्हानें तेल उडतें. वाळलीं पानें अखंडच घट्ट झांकणाच्या बरणींत भरावीं व चुरावयाचीं तीं वापरतेवेळीं.

आतां मुख्य मुद्दा. कोणी रोपें गळ्यांत घालून ‘एकरभर लावा, माल आम्हीच उचलूं’ असें सांगूं लागला, तर त्यास प्रथम भाव व वजनाची अट लेखी मागावी. हिरवा पाला वाळला कीं वजन चौथाईच्या आसपास उरतें; भाव हिरव्याचा कीं वाळल्याचा, हें न विचारतां केलेला हिशेब फुकट होय. शिवाय बियांपासून झालेल्या रोपांत कांहींना वास भरपूर, तर कांहींना जवळजवळ नाहींच, असें आढळतें. तेव्हां आधीं परसांत दोन वाफे करावे, एक पावसाळा जाऊं द्यावा व निघालेला वाळला पाला तराजूंत घालावा. हें काम घरांतील बायका आपणांपेक्षां चोख करितील, असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र विक्रीचा पैसाही त्यांच्याच हातीं राहावा.

बी फारच बारीक असतें व उगवण्यास उजेड लागतो. म्हणून पाऊस सरल्यावर आश्विनांत तें मातीवर नुसतें भुरभुरावें, वर माती लोटूं नये. उत्तम वासाचें एक झाड सांपडलें, तर पुढील रोपें त्याच्याच फांद्यांपासून करावीं.