बिबट्याची वाट कोण शोधणार?

मार्च २०२४ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला. वनखात्यानं त्याला बेशुद्ध करून पकडलं, तोवर त्याचे व्हिडिओ घरोघरी फिरून झाले होते. आमच्या बचत गटाच्या बैठकीतही त्यावेळी हप्ते राहिले बाजूला, हाच विषय. पहाटे पहिल्या पाळीसाठी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायका होत्या त्यात. त्यांची भीती खोटी म्हणायची माझी हिंमत नाही. पण ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ हे त्यांचं म्हणणं मात्र मला पटत नाही.

कारण हा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन गेलाय. जुन्नर भागात २००१ पासून २९ बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सतरावर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे मांडलं. आणि सोडलेलं जनावर तिथंच राहतं थोडंच? २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या ‘आजोबा’ बिबट्याला गळ्यात पट्टा घालून माळशेजला सोडलं, तर महिन्याभरात तो शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. दोन वर्षांनी तिकडेच हमरस्त्यावर गाडीखाली सापडला बिचारा.

पण पट्टा मोजक्याच जनावरांच्या गळ्यात. बाकीचे कुठून कुठं जातात, ते कसं कळणार? तर मैत्रिणींनो, विष्ठेवरून! नाक मुरडू नका. जनावराच्या आतड्याच्या पेशी विष्ठेला चिकटून येतात, त्यांतून डीएनए काढता येतो. जनावर कुठलं, नर की मादी, इतकंच काय, कोण कुणाच्या नात्यातलं, हे सगळं त्यात सापडतं. जनावराला हातही लावावा लागत नाही. मी कला शाखेची, मला हे आपल्या सोयरिकीसारखं वाटलं. दोन गावांत सोयरीक असली की आडनावांवरून, चेहऱ्यांवरून ओळखू येते ना, तसंच. दोन जंगलांतल्या जनावरांत नातं सापडलं, तर मधली वाट चालू आहे. ती बंद झाली, की पिढ्यानपिढ्या घरातल्या घरात लग्नं. आणि सगोत्र नको म्हणणाऱ्या आपल्याला त्याचे परिणाम सांगायला नकोत. गंमत म्हणजे वाघ-बिबट्यांत मुली बहुधा आईच्या शेजारी राहतात, घर सोडून लांब जायचं ते मुलांनी. (आपल्याकडे हे कधी व्हायचं!)

२०१३ मध्ये उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या सहा जंगलांतून ५५ वाघ याच पद्धतीनं ओळखले. वाघ साडेसहाशे किलोमीटरपर्यंत जाऊन वसल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. आणि वाघाला अडवतं ते अंतर नव्हे, तर मधली वस्ती आणि रस्ते, हेही दिसलं.

मग आपल्याकडचं काय? पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल, उत्तरेला जुन्नर-आंबेगावचा ऊस, ज्यात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या, आणि मध्ये आपले कारखाने, गोदामं, कुंपणं. त्यात रिंगरोड येतोय. नाशिक फाटा ते खेड उन्नत मार्गालाही २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. रस्ते हवेतच, चाकणच्या कोंडीत रोज तास-तास अडकणाऱ्यांना विचारा. पण नागपूर-जबलपूर रस्त्यावर पेंचच्या जंगलात महामार्ग उचलून खालून जनावरांना नऊ वाटा ठेवल्या, आणि २०१९ मध्ये तिथून वाघासकट १८ जातींचे प्राणी जाताना कॅमेऱ्यात दिसले. अशी वाट कुठं ठेवायची, ते खांब उभे राहण्याआधी कळायला हवं. नंतर बिबट्या शोधेलच वाट, पण ती कारखान्याच्या फाटकातून किंवा आपल्या अंगणातून असेल.

म्हणून आमच्या बैठकीत मी सुचवलंय, की जनसुनावणीत आणि ग्रामसभेत ‘पिंजरे लावा’ याच्या जोडीला ‘आधी विष्ठेची तपासणी करून वाटा दाखवा’ हीसुद्धा मागणी करायची. आणि हे नमुने गोळा करायला बाहेरून पोरं कशाला आणायची? कुठल्या बांधावर, कुठल्या पाणंदीत बिबट्याचा माग असतो, हे पहाटे वैरणीला जाणारी बाई झोपेतसुद्धा सांगेल. तिला शिकवा, हातमोजे द्या आणि रोज द्या. दोघीजणी आत्ताच तयार आहेत. रोज किती मिळणार, एवढंच त्यांनी विचारलंय.