तिच्या लग्नांची चर्चा



अमेरिकेत केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीची किम डेव्हिस आठवते? काउंटी क्लार्क म्हणून निवडून आलेली ही बाई. विवाहाचे परवाने देणं हे तिच्या कचेरीचं काम. २६ जून २०१५ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला. 'माझ्या ख्रिस्ती श्रद्धेत हे बसत नाही,' म्हणत किमने परवाने देणंच थांबवलं. न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून सप्टेंबरमध्ये ५ दिवस तुरुंगात गेली.

रातोरात ती प्रसिद्ध झाली आणि चघळायला विषय मिळाला: तिची चार लग्नं, तिचे केस, तिचे कपडे.

मला किमचं वागणं मुळीच मान्य नाही. श्रद्धा तिची, कचेरी जनतेची. तिथे आलेल्या नागरिकाला हक्काचा कागद मिळालाच पाहिजे. २०२३ मध्ये ज्युरीने एका जोडप्याला एक लाख डॉलर भरपाई ठरवली ती याच नकाराबद्दल.

'दुसऱ्यांच्या लग्नाआड येणारीची लग्नं का काढू नयेत?' असं काहीजणी विचारतील. पण किमचं एकच लग्न झालेलं असतं, तर तिचा नकार योग्य ठरला असता का? नाही ना? मग लग्नं मोजायची कशाला?

बाईशी वाद झाला की तिचं घर उकरायचं, हे हत्यार जुनं आहे. कचेरीत, मोर्चात, ग्रामसभेत ते आपल्यावरही चालवलं जातं. विरोधातल्या बाईवरही ते आपण उचलू नये.

तुम्हांला काय वाटतं? जरूर लिहा.